पोस्टमनचं काम चोख, समजावण्यात नापास: कॅनडातल्या इंटरनेट कंपन्यांची कॉपीराइट नोटीस

कॅनडात इंटरनेटचं कनेक्शन घेतलं की त्यासोबत एक सेवा न मागता मिळते. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत, जाहिरातीत ती कुठे दिसत नाही, आणि बहुतेक घरांना तिचा पत्ता लागतो तो एखाद्या सकाळी ईमेल उघडल्यावरच. तुमच्या कनेक्शनवरून कोणीतरी टॉरंटने (लोकांनी फाइलचे तुकडे एकमेकांना वाटण्याच्या पद्धतीने) सिनेमा उतरवला असा दावा हक्कदार कंपनीने केला, तर तो दावा तुमच्यापर्यंत पोहोचवणं इंटरनेट कंपनीवर बंधनकारक आहे. या व्यवस्थेला तिथे ‘नोटीस अँड नोटीस’ म्हणतात. २०१२ च्या कॉपीराइट सुधारणा कायद्यात ती आली आणि २ जानेवारी २०१५ पासून लागू झाली. टोरांटोच्या आसपास बेसमेंटमध्ये चार-पाच जण मिळून राहणारी मराठी मुलं असोत की घराचा खालचा मजला भाड्याने देणारी कुटुंबं, एकाच वायफायवर अनेक जण असले की हा ईमेल कधीतरी दारात येऊ शकतो. म्हणून ग्राहकाच्या बाजूने ही सेवा नीट तपासायला हवी.

आमचं मत आधीच सांगतो. पत्र पोहोचवण्याच्या कामाला दहापैकी आठ गुण, ग्राहकाला समजावण्याच्या कामाला तीन. आठ गुण एका मोठ्या गोष्टीसाठी आहेत. दावा करणाऱ्याकडे फक्त आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा कनेक्शनचा क्रमांक, असतो. त्या क्षणी तो पत्ता कोणत्या खात्याला दिलेला होता हे इंटरनेट कंपनी आपल्या नोंदींत पाहते, त्या खातेदाराला ईमेल करते आणि दावेदाराला एवढंच कळवते की नोटीस पोहोचवली. तुमचं नाव, घरचा पत्ता, फोन यातलं काहीही या टप्प्यावर बाहेर जात नाही. माणसाला इशारा मिळतो आणि त्याची ओळखही झाकलेली राहते, अशी रचना फार कमी देशांनी केली आहे.

तीन गुण का, ते ईमेल उघडल्यावर लगेच कळतं. वरचे दोन-तीन परिच्छेद इंटरनेट कंपनीचे असतात: आम्हाला ही तक्रार मिळाली, कायद्यानुसार पुढे पाठवत आहोत, तुमची माहिती आम्ही दिलेली नाही. त्याखाली दावेदाराचा मजकूर जसाच्या तसा. त्यात दावेदाराचं नाव-पत्ता, कलाकृतीचं नाव, तिच्यावर त्याचा काय हक्क, आयपी पत्ता, तारीख-वेळ आणि काय उल्लंघन झालं हे असावंच लागतं. बहुतेकदा पोर्ट क्रमांक, फाइलचं नाव, आकार आणि फाइलची ओळख सांगणारा ४० अक्षरांचा एक हॅशही असतो. सगळ्यात खाली कंसांनी भरलेला, मशीनने मशीनसाठी लिहिलेला तुकडा. भाषा वकिली इंग्रजी किंवा फ्रेंच. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती हे पडलं की त्याचा जीव व्हिसापर्यंत धावतो. हा दिवाणी दाव्याचा इशारा आहे, पोलिसांचं पत्र नाही, इतकं एक वाक्य ठळक अक्षरात वर टाकायला कंपन्यांना काय जड आहे?

या सगळ्यात सर्वांत उपयोगाची ओळ म्हणजे वेळेची, आणि नेमकी तीच लोक चुकीची वाचतात. वेळ जवळजवळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. समजा, जुलैतल्या एका रविवारची ०३:४० अशी नोंद आहे. टोरांटोत उन्हाळ्यात घड्याळ यूटीसीच्या चार तास मागे असतं, म्हणजे ती वेळ झाली शनिवारी रात्री ११:४०. तीच नोंद जानेवारीतली असेल तर शनिवारी रात्री १०:४०, कारण हिवाळ्यात फरक पाच तासांचा होतो. कॅलगरीत उन्हाळ्यात सहा तास वजा करा, व्हँकुव्हरमध्ये सात. पहाटे पावणेचारला कोण जागं होतं म्हणून घरात संशय सुरू होतो आणि प्रत्यक्षात बोलणं शनिवार रात्रीच्या पाहुण्यांबद्दल व्हायला हवं असतं. इंटरनेट कंपनीला ग्राहकाचा प्रांत माहीत असतो. स्थानिक वेळ आपणहून लिहून देणं हे पाच मिनिटांचं काम आहे, ते न करणं आम्हाला अक्षम्य वाटतं.

आता पैशांची धमकी. सुरुवातीच्या काळात काही नोटिशींमध्ये अमेरिकेच्या कायद्यातला दीड लाख डॉलरपर्यंतचा आकडा कॅनडातल्या ग्राहकांना दाखवला जात होता आणि खाली ‘एवढे भरा, विषय मिटवा’ अशी लिंक असायची. घाबरून पैसे भरलेही जायचे. १३ डिसेंबर २०१८ पासून कायदा बदलला. नोटिशीत तडजोडीचा प्रस्ताव, पैशांची किंवा वैयक्तिक माहितीची मागणी, अथवा तिथे नेणारी लिंक असेल, तर ती नोटीस कायद्याच्या दृष्टीने नोटीसच नाही. तुमच्याकडे आलेल्या ईमेलमध्ये यातलं काही दिसलं तर दोनच शक्यता: पाठवणाऱ्याने नियम मोडला आणि कंपनीच्या यंत्रणेने तो पकडला नाही, किंवा तो ईमेल मुळात कंपनीचा नसून फसवणूक आहे. दोन्ही बाबतींत लिंकला हात लावू नका. कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः पत्ता टाइप करून लॉगिन करा आणि बिलावरच्या क्रमांकावर फोन करून विचारा की अशी नोटीस आमच्या खात्यावर खरोखर आली आहे का.

आणि खरा धोका किती? व्यापारी हेतू नसलेल्या उल्लंघनाला कॅनडात वैधानिक भरपाई १०० ते ५,००० डॉलर अशी आहे, आणि ती एका सिनेमामागे मोजली जात नाही, त्या खटल्यातल्या सगळ्या कलाकृती मिळून मोजली जाते. ही रक्कम लहान नाही. पण दीड लाखाच्या भुताशी तिचा संबंध नाही.

कंपन्या सगळं डोळे झाकून पुढे का ढकलतात यामागे एक साधं कारण आहे. वैध नोटीस पुढे पाठवली नाही तर इंटरनेट कंपनीला ५,००० ते १०,००० डॉलर भरावे लागू शकतात. उलट खोटी किंवा ढिसाळ नोटीस पाठवणाऱ्यासाठी या तरतुदींत वेगळा दंड नाही. शिवाय नोटीस पोहोचवण्यासाठी कंपनी एक पैसाही आकारू शकत नाही, कारण सरकारने शुल्क ठरवलेलंच नाही. पाठवणाऱ्याला फुकट, न पाठवणाऱ्याला दंड. मग पारखून कोण बघणार? ही त्रुटी कायद्याची आहे. तिचा मनस्ताप ग्राहकाच्या वाट्याला येतो.

नोटीस आल्यावर पहिला नियम: दावेदाराला उत्तर लिहू नका. तुम्ही निरपराध असलात तरीही. त्याच्याकडे आत्तापर्यंत फक्त आयपी पत्ता होता. ‘मी काही केलं नाही, मी अमुक पत्त्यावर राहतो’ असं लिहिलं की व्यवस्थेने जपलेली तुमची ओळख तुम्हीच त्याच्या हातात दिली. उत्तर देण्याचं कोणतंही कायदेशीर बंधन नाही. ईमेल मात्र पुसू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आणि हे ईमेल कुठे येतात तेही पाहून घ्या. कनेक्शन घेताना कंपनीने स्वतःचा एक मेलबॉक्स दिलेला असतो, तो कोणी उघडत नाही आणि नोटिशी तिथेच साचतात. खात्यातला संपर्काचा ईमेल बदलून रोज उघडला जाणारा टाका.

मग राउटरकडे वळा. ब्राउझरमध्ये गेटवेचा, म्हणजे राउटरचाच, पत्ता टाका. बेल या इंटरनेट कंपनीच्या होम हब मोडेमला तो साधारण १९२.१६८.२.१ असतो, रॉजर्स कंपनीच्या नव्या गेटवेला १०.०.०.१. नाहीतर मोडेमवरच्या स्टिकरवर सापडतो. आत जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. तिथे अनोळखी नाव दिसलं की लगेच चोर सापडला असं समजू नका. आजकालचे फोन वायफायसाठी खोटा, यादृच्छिक मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) वापरतात. मॅक पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा असाच बनावट पत्ता आहे, म्हणजे घरातल्याच कोणाचा तरी फोन असण्याची शक्यता जास्त. एकेक उपकरणाचं वायफाय बंद करत यादी ताजी केली की कोणतं नाव कोणाचं ते दहा मिनिटांत जुळतं. उरलेलं उपकरण कोणाचंच नसेल तर वायफायचा पासवर्ड बदला, राउटरच्या अ‍ॅडमिनचा पासवर्डही बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडण्याची सोय) बंद करा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर ठेवा. पासवर्ड बदलताना जुनाच किंचित फिरवून ठेवू नका. आधीच्या भाडेकरूच्या लॅपटॉपमध्ये तो अजून साठवलेला असतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. भाडेकरूला गेस्ट नेटवर्क दिलं की आपण सुटलो, असं घरमालक समजतात. गेस्ट नेटवर्कने तुमच्या प्रिंटर-कॅमेऱ्यांपर्यंत तो पोहोचत नाही हे खरं, पण बाहेरच्या जगाला दोघांचा आयपी पत्ता एकच दिसतो. नोटीस येणार ती खातेदारालाच. वेगळं राहायचं असेल तर भाडेकरूने स्वतःच्या नावावर वेगळं कनेक्शन घ्यावं, दुसरा भरवशाचा उपाय नाही.

एकच सिनेमा आणि नोटिशी सात-आठ, असंही होतं. टॉरंटची घडण माहीत असली की याचं कोडं सुटतं. फाइलचे शेकडो तुकडे असतात. पहिले काही तुकडे आले की तुमचा संगणक ते इतरांना द्यायला लागतो, डाउनलोड निम्मंसुद्धा झालेलं नसताना. त्या फाइलभोवती जमलेल्या थव्यात पाळत ठेवणाऱ्या कंपनीचा संगणकही सामील होतो आणि जो जो तुकडे देतो त्याचा आयपी, पोर्ट आणि वेळ लिहून ठेवतो. म्हणजे तुमच्यावर डोळा ठेवणारी इंटरनेट कंपनी नसते. तुमचाच संगणक आपला पत्ता थव्यातल्या प्रत्येकाला सांगत असतो. सिनेमा बघून झाला, खिडकीची फुली दाबली, तरी प्रोग्रॅम घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हात जिवंत राहतो, संगणक सुरू झाला की स्वतः सुरू होतो आणि तीच फाइल वाटत बसतो. नोटिशींमधला ४० अक्षरांचा हॅश ताडून पाहा. तोच असेल तर हे एकाच फाइलचं अखंड वाटप आहे. यादीतून ती नोंद थांबवून काढा, चिन्हावर उजवी क्लिक करून प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, सेटिंगमध्ये संगणकासोबत सुरू होण्याची खूण काढा.

‘आम्ही टॉरंट वापरतच नाही, टीव्हीवर अ‍ॅपमध्ये बघतो’ असं म्हणणाऱ्या घरांनी ते अ‍ॅप तपासावं. नव्या सिनेमांचा फुकट खजिना दाखवणारी काही अ‍ॅप्स दिसायला स्ट्रीमिंगची, पण पोटात टॉरंटच चालवतात. मूल कार्टून बघत असतं आणि मागे अपलोड सुरू असतं. साध्या स्ट्रीमिंगमध्ये तुम्ही कोणाला काही देत नाही, म्हणून या नोटिशी त्या मार्गाने सहसा येत नाहीत. त्यामुळे ते आपोआप कायदेशीर होत नाही. आणि टॉरंट हे तंत्र स्वतः बेकायदेशीर नाही. लिनक्सच्या आवृत्त्या त्याच मार्गाने अधिकृतपणे वाटल्या जातात.

कंपन्यांची मदतपानं गोपनीयतेबद्दल जे सांगतात त्यात बरंच गाळलेलं असतं. नोटीस मिळाल्यापासून तुमचं खाते आणि तो आयपी यांचा दुवा कंपनीला सहा महिने जपावाच लागतो, आणि दावेदाराने खटला भरून तसं कळवलं तर एक वर्ष. हा किमान काळ झाला. कंपनीच्या धोरणात जास्त असू शकतो. तुमच्याबद्दल काय साठवलंय हे विचारण्याचा हक्क तुम्हाला पिपेडा या केंद्रीय कायद्याने दिला आहे, आणि लेखी अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चार ओळी पुरतात: खाते क्रमांक, नोटिशीची तारीख आणि ‘या नोटिशीसंदर्भात माझ्या खात्याशी जोडलेली कोणती माहिती जपली आहे व ती कोणाला दिली आहे का’ हा प्रश्न.

एरवी कंपनीला काय दिसतं? वेबसाइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सांकेतिक जोडणीवर, असेल तर कोणत्या साइटवर गेलात हे बहुधा दिसतं, आत काय वाचलंत ते दिसत नाही. तेवढ्यावरही मोह होतोच. बेलने २०१३ मध्ये ग्राहकांच्या मोबाइल वापरावरून जाहिराती दाखवण्याची योजना जाहीर केली होती. ग्राहकाची स्पष्ट संमती आधी घ्या, असं गोपनीयता आयुक्तांनी एप्रिल २०१५ मध्ये बजावल्यावर ती मागे घ्यावी लागली. खात्याच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन जाहिरात-विषयक खुणा आजही एकदा पाहून घ्याव्यात. कॅनडाचं डॉट सीए नोंदणीमंडळ कॅनेडियन शील्ड नावाची मोफत डीएनएस सेवा (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी) देतं, ती लावल्याने साइटची नावं विचारण्याचं काम कंपनीच्या हातून निघतं. व्हीपीएनने कंपनीऐवजी व्हीपीएनवाला सगळं पाहतो, विश्वासाची जागा बदलते एवढंच. यातल्या कशानेही दुसऱ्याचा सिनेमा वाटणं कायदेशीर ठरत नाही.

नाव उघड होण्याचा एकच सरळ मार्ग आहे: न्यायालयाचा आदेश. दावेदार फेडरल कोर्टात जातो, तिथे त्याला नॉर्विच आदेश (माहिती असलेल्या तिसऱ्या पक्षाला ती उघड करायला लावणारा आदेश) मिळाला तर कंपनी खातेदाराचं नाव-पत्ता देते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉजर्स विरुद्ध व्होल्टेज (सिनेमा बनवणारी कंपनी) प्रकरणात ठरवलं की असा आदेश पाळण्याचा वाजवी खर्च कंपनी दावेदाराकडून घेऊ शकते. रॉजर्सचा दर होता तासाला १०० डॉलर अधिक कर. हा निकाल वाटतो तांत्रिक, पण हजारो नावं घाऊक भावात काढून घेण्याला त्याने पायबंद घातला. २०२३ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने आणखी एक दिलासा दिला: कनेक्शन तुमच्या नावावर आहे आणि नोटिशी आल्या होत्या, एवढ्यावर उल्लंघन तुम्हीच केलं किंवा होऊ दिलं असं सिद्ध होत नाही.

म्हणून कोर्टाचे कागद दुर्लक्षावेत असं मुळीच नाही. ईमेलला उत्तर नको, पण दाव्याचे कागद रीतसर हातात पडले तर खेळ वेगळा. बचाव दाखल करायला साधारण ३० दिवस असतात, गप्प बसलात तर एकतर्फी निकाल लागू शकतो. त्या दिवसापासून संगणकातलं काहीही पुसायचं नाही आणि वकिलाला गाठायचं. ओटावा विद्यापीठातलं सिपिक हे कायदेविषयक केंद्र अशा खटल्यांत ग्राहकहिताची बाजू मांडत आलं आहे, त्यांची माहितीपत्रकं कंपन्यांच्या मदतपानांपेक्षा कितीतरी स्पष्ट आहेत.

जर्मनीतल्या नातेवाइकांचे सल्ले कॅनडात वापरू नका. तिथे इशारा इंटरनेट कंपनीकडून येत नाही. नाव न्यायालयामार्फत आधीच काढलेलं असतं आणि थेट वकिलाचं पत्र येतं, त्यात पैसे आणि सही करायचं हमीपत्र दोन्ही, मुदत थोडी. तिथे गप्प बसणं महाग पडतं. मुंबई उच्च न्यायालयात २०१६ मध्ये वेगळाच प्रश्न आला होता. बंद केलेल्या साइटवर ‘नुसतं पाहणंही गुन्हा’ असा संदेश झळकत होता. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी गुन्हा पाहण्यात नाही असं स्पष्ट करून तो बदलायला लावला. घाबरवणाऱ्या पण चुकीच्या इशाऱ्याला न्यायालयाने हात घातल्याचं ते चांगलं उदाहरण आहे, आणि कॅनडाच्या नोटिशींनाही कोणीतरी तसाच हात घालायला हवा.

तोवर एक काम प्रत्येक सामायिक घराने करावं. कनेक्शन ज्याच्या नावावर आहे तो घर सोडताना नुसता राउटर ठेवून जातो, बाकीचे पैसे वाटून भरत राहतात, आणि पुढची दोन वर्षं नोटिशी गेलेल्याच्या नावावर जमा होतात. जाण्याआधी खातं बंद करा किंवा दुसऱ्याच्या नावावर करा, बंद झाल्याची तारीख असलेला ईमेल मागून घ्या, आणि भाड्याचं मोडेम परत केल्याची पावती त्याच फोल्डरमध्ये टाका.